पसरलंय, लोळलंय की सरपटतंय?

रविवारी सकाळी आमच्याबरोबर झाडं बघायला येणाऱ्यांच्या वह्या मी परतीच्या वाटेवर मागून घेते आणि चाळते. कॉलेजात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, ती खोड काही जात नाही. उभ्या झाडांची वर्णनं बऱ्यापैकी जमलेली असतात. साल कशी आहे, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल कुठं येतं, सगळं असतं. आडव्या झाडापाशी आलं की मात्र सगळ्यांच्या लेखण्या एकाच वाक्यावर येऊन बसतात: ‘जमिनीवर पसरणारी वनस्पती.’ सराट्याला तेच, हरळीला तेच, ब्राह्मीला तेच. शहरातली पोरं त्याहून मोकळी. ती सरळ ‘वेल’ लिहून पुढं जातात.

वेलाचं आधी मिटवूया. ज्याला वर जायला आधार लागतो तो वेल. दोडका तणाव्यांनी चढतो, गुळवेल अख्ख्या अंगानं पिळा घालत चढतो. आधार मिळाला नाही तर भोपळा, काकडी, कलिंगड जमिनीवर धावतात, पण त्यांचे तणावे हवेत चाचपडत असतातच. तणावे दिसले, किंवा शेंडा कशाला तरी वेढा घालायला बघतोय असं दिसलं, तर ‘वेल, आधाराविना जमिनीवर’ असं लिहा. बाकीच्यांना वेल म्हणू नका. सराट्याशेजारी मांडव घातलात तरी तो चढणार नाही.

आधी हात घाला

उभ्यानं बघितलं तर सगळंच सपाट दिसतं. खाली बसा. एका फांदीचा शेंडा दोन बोटांत धरा आणि मुळाच्या दिशेनं हळूहळू उचलत या. निम्मं वर्णन या एका कृतीत निघतं.

सराट्यापासून सुरुवात करा, कारण तो शोधावा लागत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात, कच्च्या रस्त्याच्या कडेला, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत तो असतोच. मधे एकच सोटमूळ, तिथून चहूबाजूंनी निघालेल्या फांद्या, त्यांच्यावर बारीक लव, लहान पर्णिकांच्या जोड्यांची संयुक्त पानं, पाच पाकळ्यांचं पिवळं फूल आणि चपलेच्या तळात घुसून बसणारं काटेरी फळ. शेंडा धरून उचला. फांदी हातभर लांब असली तरी पार मधल्या मुळापर्यंत बिनतक्रार वर येते. वाटेत कुठंही मातीला धरत नाही. सोडली की परत जागच्या जागी सपाट. म्हणजे ती मातीवर नुसती टेकलेली आहे, तिचं सगळं पाणी त्या एका मुळातून येतं. खुरप्यानं ते मूळ तोडलं की अख्खं चक्कर वाळतं.

आता हरळी उचला. दोन बोटं वर आली की अडते. जरा ओढ दिली की एक पेर मातीतून सुटतं, त्याला बारीक पांढरी मुळं आणि मातीचे कण चिकटलेले असतात. पुढच्या पेरापाशी परत अडते. पानं जिथून फुटतात त्या प्रत्येक गाठीला तिनं मुळं सोडलेली आहेत, त्यामुळं प्रत्येक तुकडा स्वतंत्र संसार करायला तयार. शिवाय तिचं एक खोड मातीखालूनही पळतं. कुळवाची पाळी घातल्यावर रानात वाकून काशा, म्हणजे ही मातीखालची खोडं, वेचणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. एक काशी राहिली तर पुढच्या पावसात तिथं परत हरळी उगवते, हे त्यांच्या कमरेला ठाऊक असतं.

म्हणून मी दोन शब्द कडक वेगळे ठेवते. मुळं न सोडता नुसती टेकलेली ती ‘पसरलेली’. पेरापेराला मुळं सोडत पुढं जाणारी ती ‘सरपटणारी’. पाठ्यपुस्तकांत यांना जडजड संस्कृत शब्द आहेत, पण रानात ते कुणाच्या तोंडात बसत नाहीत. तुम्हाला दुसरे शब्द आवडत असतील तर ते घ्या. अट एकच, वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिहून ठेवा आणि शेवटच्या पानापर्यंत तोच ठेवा.

ही परीक्षा मंडईतल्या भाजीवरही चालते. घोळ आणि चिवळ (कुणी चिघळ म्हणतं) एकाच कुळातल्या, दोन्ही मांसल, दोन्ही भुईला धरून. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत जुडी हातात आली की फरक दिसत नाही, कारण मातीतली वागणूक जुडीत बांधलेली नसते. परसात मात्र घोळीच्या लालसर जाड फांद्या एका बुडख्यावरून निघतात आणि उचलल्या की सरळ उचलतात. चिवळ पेरापेराला मातीत रुतून असते, आणि पेरावर पांढरे केसही असतात. चिवळ निवडताना माती जास्त का निघते याचं उत्तर इथंच आहे.

ब्राह्मीच्या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि गंमत म्हणजे दोन्ही सरपटणाऱ्या आहेत. पण सरपटण्याची तऱ्हा वेगळी. जिला पुस्तकात ब्राह्मी म्हणतात ती पाणथळ जागची, लहान जाडसर पानांची. तिचं खोड चिखलात मुळं सोडत जातं आणि प्रत्येक फांदीचा शेवटचा भाग वर उठतो. फूल पांढरं किंवा फिकट जांभळट. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. तिचं बारीक दोरीसारखं खोड एका ठिकाणाहून निघतं, थोडं अंतर नुसतंच जातं, मग एका पेरावर थांबून मुळं सोडतं आणि तिथं गोलसर पानांचा झुबका वर काढतं. तिथून परत पुढं. तिच्याबद्दल लिहिताना दोन झुबक्यांमधलं अंतर बोटांनी मोजून लिहा. एवढ्या एका नोंदीवर दोघींची गल्लत टळते.

रताळ्याचं पीक ज्यांनी बघितलंय त्यांना सरपटण्याचा हिशेब लगेच कळतो. चंदगडकडं लावणीनंतर काही आठवड्यांनी वेल उचलून, उलटवून परत टाकतात. का? वेलाचं पेर जिथं ओल्या मातीला लागेल तिथं मुळं धरणार, आणि तिथं बारीक रताळी पोसण्यात झाडाची ताकद जाणार. शेतकऱ्याला मूळच्या जागी भरघोस रताळी हवीत. माझी दोन बोटांची परीक्षा तो अख्ख्या वावरावर करतो.

मग शेंडा बघा

मुळांचा निकाल लागला की नजर टोकाकडं न्या. टोकही जमिनीला टेकलंय, की थोडं अंतर आडवं जाऊन वर उठलंय? सराट्याचं टोक टेकलेलं. पुनर्नव्याच्या, म्हणजे आपल्या घेटुळीच्या, फांद्या मातीवर टेकलेल्या असतात पण फुलांचे तुरे वर येतात. आणि एकदांडी तर या प्रकरणाची राणी.

एकदांडी तुम्ही हजारदा ओलांडली आहे. रंकाळ्याच्या कडेला, फुटपाथच्या फटीत, शाळेच्या कुंपणाखाली. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आता इथलीच होऊन राहिली आहे. जवळून बघा. खोडाचा बुडाकडचा भाग मातीला धरून, केसाळ, जरा तांबूस. जुन्या पेरांना कधी एखादं मूळ सुटलेलं. मग एका ठिकाणी काटकोनाच्या आसपास वळण, आणि तिथून पुढचा भाग उभा. पानं समोरासमोर, खरखरीत, कडेला दाते. उभ्या भागातून एक लांब, बिनपानाचा दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला एकच फुलोरा: मधे पिवळा गोंडा, कडेला मोजकीच फिकट पिवळसर किरणफुलं, प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते. नाव ‘एकदांडी’ पडलं ते या दांड्यावरून. पण तिचं दुसरं नाव ‘कंबरमोडी’ आहे, आणि ते ज्या कुणा आजीनं ठेवलं तिनं खोडाकडं बघून ठेवलं असणार असं मला वाटतं. आडवं पडून मग कमरेत वळून उठलेलं झाड, एका शब्दात. याहून नेमकं वर्णन मला तरी कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही.

तेव्हा वहीत तीन गोष्टी हव्यात: किती भाग आडवा, वळण कुठं, टोक किती वर. ‘बुडाकडचा वीतभर भाग मातीवर, पुढचा चार बोटं उभा’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला झाड दिसतं. आकडे सेंटीमीटरात दिले तर उत्तमच, पण बोटं आणि वीत चालतील. नुसतं ‘थोडंसं वर आलेलं’ चालणार नाही.

एक सापळा सांगते. पाथरीसारख्या भाजीची पानं मातीला चिकटून गोलाकार मांडलेली असतात, म्हणून तिलाही लोक ‘पसरणारी’च्या खात्यात टाकतात. तिथं आडवं पडलेलं खोडच नाही. खोड आखूड आहे, दिसतात ती पानं. सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, मिळणाऱ्या दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतींमध्ये हा फरक फार सुंदर दिसतो. एका जातीची पानं मातीला धरून चक्राकार, दुसरीचं खोड उभं आणि लांबट पानं हवेत. पहिलीला ‘पानांचं चक्र भुईला धरून’ म्हणा, पसरलेली म्हणू नका.

स्वभाव आहे की अपघात?

हा प्रश्न विसरला जातो, आणि आपण कोल्हापूरकरांनी तर विसरता कामा नये. ऊस सरपटणारा आहे असं कुणी म्हणेल का? पण सप्टेंबरातला वाऱ्यापावसाचा एक दणका बसला की आडसालीचा ऊस अख्खा आडवा होतो. त्याला आपल्याकडं शब्द आहे: ऊस लोळला. भात लोळतं, गहू लोळतो. लोळणं ही पिकाची गत आहे, जात नव्हे.

लोळलेल्या उसाच्या फडात शिरा. पडून काही दिवस झाले असतील तर शेंडे परत आभाळाकडं वळलेले दिसतील. खोडाच्या पेरापाशी वाढीचा पट्टा असतो. पडल्यावर त्याच्या खालच्या अंगाची वाढ जास्त होते आणि पेर वळतं. मातीला टेकलेल्या पेरांवर ओल मिळाली की मुळं सुटतात, डोळेही फुटतात. आता कुणी नवख्यानं हा ऊस पहिल्यांदाच बघितला तर त्याच्या वहीत काय येईल? ‘खोड जमिनीवर, पेरांना मुळं, शेंडा वर उठलेला.’ वाक्य खरं आणि वर्णन खोटं! आत साखर घटलेली असते, उंदीर लागलेले असतात, तोडणाऱ्या टोळीची तोंडं वाकडी झालेली असतात, आणि वहीत मात्र ब्राह्मीची बहीण.

तेव्हा सवय लावून घ्या. आडवं झाड दिसलं की त्याच जातीची आणखी झाडं आसपास शोधा. सगळी आडवी असतील तर स्वभाव. एकच आडवं आणि बाकीची उभी असतील तर वारा, पाणी, गुरं, गाडीचं चाक, काहीतरी कारण आहे, ते शोधून लिहा. माका याचा चांगला धडा देतो. पाटाच्या कडेला गर्दीत वाढलेला माका गुडघ्यापर्यंत उभा असतो, पायवाटेवर तुडवला जाणारा भुईसपाट. दोन्ही नोंदी जागेसकट लिहा.

आणि ‘मान टाकली’ हे तिसरंच. दुपारच्या उन्हात वांग्याच्या रोपानं मान टाकली तर ते पाणी कमी पडल्यानं. खोड उभंच असतं, पानं आणि कोवळा शेंडा खाली. संध्याकाळी परत ताठ. याला लोळलं म्हणू नका, पडलं म्हणू नका.

रानातले तयार शब्द

भुईमुगाच्या बियाण्याच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा. तिथं झाडाच्या ठेवणीचे तीन शब्द रोज वापरात आहेत: उपटी, निमपसरी, पसरी. उपटी म्हणजे झुडपासारखा उभा वाढणारा, शेंगा बुडख्याशी, एका हिसक्यात उपटून निघणारा. पसरी म्हणजे फांद्या मातीवर लांब जाणारा, शेंगाही लांबवर. निमपसरी मधला. मला यातला ‘निमपसरी’ फार आवडतो. अर्धवट पडलेल्या कुठल्याही झाडाला तो खुशाल लावा.

भुईमुगाचं आणखी एक: फूल वर फुलतं, मग त्यातून आरी निघून मातीत शिरते आणि शेंग खाली धरते. आऱ्या सुटल्या की पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, फांद्या मातीला दाबल्या जाव्यात म्हणून. म्हणजे मुद्दाम पाडलेलं पीक. आरी हे मूळ नव्हे, हे लक्षात ठेवा. फांदी उचलताना अडली तर ती आऱ्यांनी अडली असेल.

‘भुई’ हा शब्द नावात दिसला म्हणून झाड आडवंच असेल असं धरून चालू नका. भुईरिंगणी खरंच भुईवर पसरलेली आहे: काटेरी, जांभळं फूल, पिकल्यावर पिवळी फळं. भुईआवळी मात्र चांगली ताठ उभी असते, फक्त बुटकी. भुईमुगाची भुई शेंगांसाठी. भुईकोहळा तर उंच चढणारा वेल, त्याचा कंद भुईत. भुईचाफ्याचं फूल पानांच्या आधी थेट मातीतून वर येतं. पाच नावं, पाच कारणं.

शास्त्रीय नावांची साक्षही अशीच तपासून घ्यायची. लिनिअसनं १७५३ साली एकदांडीला ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स म्हटलं, त्यातल्या प्रोकंबेन्सचा अर्थ पुढं झुकून पडलेली. रेपेन्स म्हणजे सरपटणारी, डिफ्यूसा म्हणजे सैल विखुरलेली (घेटुळी बोरहाविया डिफ्यूसा), ह्युमिफ्यूसा म्हणजे मातीवर पसरलेली, सुपाइना म्हणजे चक्क उताणी. माक्याचं नाव एक्लिप्टा प्रॉस्ट्राटा, म्हणजे भुईसपाट, आणि तो बऱ्याचदा उभा असतो हे आताच सांगितलं. नाव ठेवणाऱ्यापुढं जो नमुना आला त्यावरून नाव पडतं. तुमच्यापुढचं झाड काय करतंय ते तुम्ही लिहा.

अंगाचं वर्णन

सुपाइना म्हणजे उताणी, हे ऐकून पोरं हसतात. पण झाडासाठी लॅटिनवाल्यांनी शब्द घेतले ते माणसाच्या अंगावरूनच. म्हणून अंगाचे शब्दही पक्के हवेत, आणि तिथं चूक महागात पडते.

मी तालमीच्या गल्लीत वाढले. मुलींना आत प्रवेश नव्हता, पण पायरीवर बसून ऐकायला कुणाची बंदी नव्हती. तालमीत ‘पडला’ या शब्दाला काही किंमत नाही. कसा पडला? पालथा पडला तर कुस्ती चालूच आहे. पोट मातीला, कोपरं आवळलेली, वरच्यानं पाठीवर कब्जा घेतलेला, आणि खालचा पालथाच राहायची पराकाष्ठा करतोय. वरचा घुटना ठेवून त्याला उलटवायला बघतो. पाठ लागली, म्हणजे उताणा होऊन खांदे मातीला टेकले, की खेळ संपला: चितपट. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत १९१२ पासून हजारो लोक हाच फरक बघायला श्वास रोखून बसत आलेत. उताणा आणि पालथा, या दोन शब्दांत इनाम इकडचं तिकडं होतं.

गोठ्यात शब्द बदलतात. म्हैस झोपत नाही, ‘बसते’. चारी पाय पोटाखाली घेऊन, छातीवर, रवंथ करत. हे बसणं निरोगी. तीच म्हैस कुशीवर, पाय लांब टाकून असेल तर ती ‘आडवी पडली’, आणि घरात धावपळ सुरू होते. माझ्या जाऊबाई डॉक्टरांना फोन करतात तेव्हा त्यांचं बोलणं मी पोरांना नमुना म्हणून सांगते. ‘म्हैस पडलीय, लवकर या’ असं त्या म्हणत नाहीत. त्या सांगतात: परवा व्याली, सकाळपासून उठेना, छातीवर बसलीय, मान कुशीकडं वळवून ठेवलीय, कान गार आहेत. एवढ्यावर डॉक्टर कॅल्शियमच्या बाटल्या घेऊनच निघतात, कारण व्याल्यानंतर दुधात कॅल्शियम जाऊन रक्तातलं कमी पडलं की जनावर असंच बसतं. डॉक्टर येईपर्यंत आडव्या पडलेल्या जनावराला पोत्यांचा किंवा पेंढ्यांचा टेकू देऊन छातीवर बसतं करायचं. कुशीवर पडून राहिलं तर पोटातला वायू बाहेर पडत नाही आणि पोट फुगतं. तोंडातून पाणी-औषध ओतायचं नाही, त्या अवस्थेत गिळता येत नाही.

माणसाच्या बाबतीत १०८ ला फोन लावलात तर तेच. उताणा आहे की पालथा की कुशीवर, श्वास चालू आहे का, हाक मारल्यावर ओ देतो का. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवतात, म्हणजे जीभ आणि उलटी घशात अडकत नाही. अपघातात मानेला-पाठीला मार असेल तर मात्र श्वास अडत नाही तोवर हलवायचं नाही. कूस सांगताना डावी-उजवी पडलेल्या माणसाची, बघणाऱ्याची नव्हे. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपायला सांगतात ते तिच्या डाव्या. तान्ह्या बाळाला झोपवायचं ते उताणं.

बाळावरून आठवलं. बाळ आधी उताणं खेळतं, मग कुशीवर वळतं, मग पालथं पडतं, मग पोटावर सरपटतं, मग हातागुडघ्यांवर रांगतं. सरपटणं आणि रांगणं एक नव्हे. सरपटताना पोट टेकलेलं, रांगताना पोट उचललेलं. लिहिणारे सैनिकांना काटेरी तारेखालून ‘रांगत’ नेतात तेव्हा मला त्या सैनिकांच्या पाठीची काळजी वाटते.

ओणवा हा पडलेला नव्हे, कमरेत वाकलेला. लवंडणं घटकाभराचं. पहुडणं आरामाचं, त्यात दुखणं नसतं. अंग टाकणं थकव्याचं किंवा तापाचं. आडवा झाला म्हणजे आपण होऊन, आडवा पडला म्हणजे नाइलाजानं, आडवा केला म्हणजे दुसऱ्यानं. निपचित हा शब्द जपून; तो लिहिला की वाचणारा नाडी शोधायला लागतो.

जोतिबाच्या डोंगरावर नवस फेडणारे बघितलेत तर आणखी एक फरक दिसेल. साष्टांग नमस्कार पालथा घालतात: छाती, कपाळ, हात, गुडघे, पाय टेकलेले. दंडवत घालत जाणारा उठतो, हात पोचले तिथवर येतो आणि परत पालथा होतो. लोटांगण घेणारा मात्र आडवा लोळत जातो, घडीत उताणा, घडीत पालथा. बोलताना लोक या तिन्हींची सरमिसळ करतात, चालतं. लिहिताना काय दिसलं ते लिहा.

वहीतली नोंद

सगळं एकत्र कसं दिसतं त्याचा एक नमुना देते.

‘घेटुळी. वाटेच्या कडेला, मुरमाड जागा, ऊन. एका जाड मुळावरून सात फांद्या, सगळ्या मातीवर. सर्वांत लांब दोन वीत. उचलल्यावर मुळापर्यंत सुटतात, पेरांना मुळं नाहीत. पानांच्या जोडीत एक मोठं, एक लहान. फुलांचे तुरे चार-पाच बोटं वर, फूल बारीक गुलाबी. फळ चिकट, सलवारीला लागलं. आसपासची तीन झाडंही अशीच.’

‘पसरणारी वनस्पती’ हे शब्द यात एकदाही नाहीत. उतारावर असाल तर फांद्या उताराकडं गेल्यात की चहूबाजूंनी, तेही जोडा. पंचनाम्यात डोकं कुठल्या दिशेला, पाय कुठल्या दिशेला हे लिहितात, त्यातला काटेकोरपणा आपल्यालाही परवडतो.

फोटोचं शेवटी. वरून काढलेल्या फोटोत आडवं झाड आणि उभं झाड सारखंच दिसतं. एक फोटो वरून, आणि एक भुईच्या पातळीवरून कडेनं काढा, म्हणजे टोक किती उठलंय ते कळेल. तिसरा, फांदी उचलून धरलेली, खालची बाजू दाखवणारा. मुळं आहेत का नाहीत त्याचा पुरावा तोच. कडेच्या फोटोसाठी मसाई पठारावर मंडळी फुलांच्या गालिच्यातच पालथी पडतात आणि एका फुलाच्या फोटोपायी अंगाखाली शंभर चिरडतात. पालथं पडायचंच असेल तर पायवाटेवर पडा आणि कॅमेरा पुढं सरकवा. ते जमत नसेल तर उकिडवं बसून मोबाईल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग खाली मातीशी येतं. गुडघे माझ्यासारखे कुरकुरत असतील तर हा दुसराच उपाय बरा.